तिठ्यावरची कॉफी: कॅफेस्टॉल, किराईत आणि आंब्याचं कल्टार

तिलारीकाठ | ९ जानेवारी, रात्री ९:२०

दोडामार्गच्या आमच्या सुपारीच्या बागेत चार वर्षांपूर्वी रोबस्टा कॉफीची साठ रोपं लावली. सुपारीवर मिरवेल चढलेली, मध्ये जायफळाची झाडं. राहिलेल्या सावलीत आणखी काय येईल, म्हणून हा प्रयोग. यंदा डिसेंबरात पहिल्यांदा टोपलीभर लाल फळ हाती आलं. सोललं, धुतलं, खळ्यात वाळवलं, बिडाच्या तव्यावर भाजलं आणि पहिला कप सासऱ्यांना दिला. त्यांची कॉफी ठरलेली: पूड पाण्यात टाकून खळखळून उकळायची, मग दूध, वर बागेतलंच जायफळ किसून. असे दिवसाला तीन कप.

त्याच सुमारास त्यांच्या रक्ताचा अहवाल आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच वाढलेलं. डॉक्टरांनी खाणंपिणं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "कॉफी सोडू नका, पण उकळून पिऊ नका. कागदातून गाळून घ्या." घरात कोणाला पटेना. कॉफीत कुठे तूप असतं, असं सासूबाईंनी मला विचारलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मला उत्तर यायला हवं होतं. अर्धवटच आलं. म्हणून वाचायला बसले, आणि वाचता वाचता आपल्या कोकणातल्याच ओळखीच्या गोष्टी इतक्या भेटत गेल्या की इथे लिहावंसं वाटलं.

कॉफीच्या बीत तेल असतं. अरेबिकात वजनाच्या साधारण १५ टक्के, रोबस्टात १० च्या आसपास. त्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही दोन द्रव्यं असतात. काहवेओल हे नाव अरबी 'कहवा'वरूनच आलंय. दोघांच्या रेणूत फरक फक्त एका दुहेरी बंधाचा. अरेबिकात दोन्ही भरपूर. रोबस्टात कॅफेस्टॉल कमी आणि काहवेओल जेमतेम नावाला. बीमध्ये ही द्रव्यं बहुतेक एखाद्या स्निग्धाम्लाशी (फॅटी ॲसिडशी) बांधलेली असतात, म्हणून पाण्यात नव्हे तर तेलात राहतात. उकळलेल्या कॉफीवर तेलाचा जो बारीक तवंग दिसतो, त्यातून ती कपात येतात. कागदाच्या गाळणीत ते तेल अडकतं.

आता झाड हे बनवतं कसं?

या द्रव्यांना डायटर्पिन म्हणतात. टर्पिन म्हणजे पाच कार्बनच्या विटांचं बांधकाम. चार विटा एकापुढे एक जोडल्या की वीस कार्बनची सरळ साखळी होते. तिचं पूर्ण नाव जेरानिलजेरानिल डायफॉस्फेट. आपण जीजीपीपी म्हणू. ती जोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव जीजीपीपी सिंथेज. ही साखळी फक्त कॉफीची नाही, प्रत्येक हिरव्या झाडाच्या घरात ती असते. पानातल्या हरितद्रव्याचं शेपूट तिच्यापासून होतं. हापूसच्या गराचा केशरी रंग ज्या कॅरोटिनॉइडांचा, तीही अशा दोन साखळ्या जोडून बनतात.

पुढचं काम दोन विकरं करतात. पहिलं सीपीएस, म्हणजे कोपालिल डायफॉस्फेट सिंथेज. ते सरळ साखळी वळवून तिची दोन कडी करतं. दुसरं केएस, म्हणजे कौरीन सिंथेज. ते त्यावर आणखी घड्या घालून चार कड्यांचा 'एन्ट-कौरीन' नावाचा सांगाडा तयार करतं. सीपीएस आणि केएस दोघांचे जनुक वेगळे, आणि दोघांचं काम हरितलवकाच्या आत चालतं.

इथे तिठा लागतो. झाराप तिठ्यावर उभं राहिलं की कुठली गाडी कुठे वळणार हे पाटी बघून कळतं. एन्ट-कौरीनपाशी पाटी म्हणजे विकर. एक रस्ता जिबरेलिनकडे जातो. जिबरेलिन हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक, कांडी लांबवणारं, बीला कोंब फोडायला लावणारं. तो रस्ता प्रत्येक झाडाला लागतोच. दुसरा रस्ता कॉफीने स्वतःसाठी काढलाय, तो कॅफेस्टॉल आणि काहवेओलकडे जातो.

या रस्त्यांवर काम करणारी विकरं बहुतेक 'सायटोक्रोम पी-४५०' या मोठ्या घराण्यातली. त्यांच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. कार्बन मोनॉक्साइड लावला की ती ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, म्हणून हे नाव. हवेतला ऑक्सिजन घेऊन सांगाड्यावर नेमक्या जागी बसवणं हे त्यांचं काम. कौरीनच्या साध्या सांगाड्यावर ऑक्सिजन बसवत, एका टोकाला फ्युरानचं, म्हणजे ऑक्सिजन गुंफलेलं, कडं घालत कॅफेस्टॉल घडतं.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अरेबिकाची मुळं, पानं, कळ्या, फुलं आणि फुलल्यापासून ३० ते २४० दिवसांपर्यंतची फळं तपासली. पानांत ही दोन्ही द्रव्यं सापडलीच नाहीत. कळ्या आणि फुलांत कॅफेस्टॉल फळांपेक्षा जास्त. काहवेओल फळ वाढेल तसं चढत गेलं आणि १२० व्या दिवशी सर्वांत जास्त भरलं. मुळांत मात्र कॅफेस्टॉलपेक्षा काहवेओल अधिक. मग त्यांनी पी-४५० घराण्यातले जनुक कुठे, कधी जागे होतात ते मोजलं. तीन जनुकांची चढउतार कॅफेस्टॉलशी जुळली, दोघांची काहवेओलशी. त्या दोघांतल्या एकाचं नाव सीवायपी-७०१ए-३ (सीवायपी म्हणजे सायटोक्रोम पी-४५०).

हे नाव वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. आंबेवाल्यांनी सांगा पाहू, का ते. उद्या लिहिते.

---

देवगडी | ९ जानेवारी, रात्री १०:०५

वाचतोय. मोहोराची फवारणी चालू आहे, दिवसभर पंप पाठीवर, तरी पूर्ण वाचलं. कोड्याचं उत्तर मला येणार नाही, पण जिबरेलिन म्हटल्यावर कान टवकारले. आंब्याला लवकर मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध घालायला सांगणारे सल्लागार आले की हाच शब्द काढतात.

---

रेडीची माई | ९ जानेवारी, रात्री १०:३१

माका ह्यातला सगळा कळाक नाय. पण मुळात कापयेच्या झाडाक फुलात, मुळात वेगवेगळा औषध असता, ह्या वाचून नवल वाटला. आमच्या वेळार घरात काफी फक्त पावण्याक. बाकी सगळ्यांका किराईत! आमची आवस पावसाळ्यात दर आयतवारी उपाशी पोटी किराईताचो काढो देय. आमी पळान जाव, ती धरून हाडी. तेच्यात पण असलाच काय असता काय गो?

---

तिलारीकाठ | १० जानेवारी, सकाळी ७:१०

माई, तुमचा प्रश्न इतका नेमका आहे की आधी त्याचंच उत्तर देते. होय, असतं, आणि ते कॉफीच्या भावकीतलंच आहे.

किराईताचा कडूपणा अँड्रोग्राफोलाइड नावाच्या द्रव्याचा. तेही डायटर्पिन, वीस कार्बनचं. किराईतही जीजीपीपीपासूनच सुरुवात करतं आणि सीपीएस विकराने दोन कडी घालतं, अगदी कॉफीसारखीच वळवून. पण किराईत तिठ्यापर्यंत येतच नाही. केएसच्या आधीच ते वाट सोडतं आणि दोन कड्यांच्याच सांगाड्यावर ऑक्सिजन चढवत कडू रसायन करतं. किराईतात सीपीएसचे एकाहून जास्त जनुक आहेत. एक जिबरेलिनचं रोजचं काम बघतो, दुसरा या कडूपणासाठी. घर वाढलं की एका भावाने जुनं घर सांभाळायचं आणि दुसऱ्याने नवीन धंदा काढायचा, तसंच. जनुकाची प्रत वाढते, एक प्रत जुन्या कामावर राहते, दुसरी मोकळी होते आणि नव्या कामाला लागते. झाडांतली बरीच औषधी द्रव्यं याच पद्धतीने आली.

तिसरं भावंडही सांगते. स्टीव्हिया, ती साखरेच्या ऐवजी वापरतात ती पानं. तिचा गोडवा एन्ट-कौरीनच्याही पुढे, जिबरेलिनच्या रस्त्यावर एक थांबा जाऊन मग वळतो. एका रस्त्यालगत कडूही आणि गोडही.

देवगडी, तुमचे कान बरोबर टवकारले. सीवायपी-७०१ए हे कौरीन ऑक्सिडेज या विकराचं घराणं. एन्ट-कौरीनवर पहिला ऑक्सिजन बसवून त्याला जिबरेलिनच्या रस्त्याला लावणारं विकर ते हेच. आणि पॅक्लोब्युट्राझॉल, ज्याला आपण सगळे कल्टार म्हणतो, ते नेमकं या विकराच्या लोहाला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. जिबरेलिन कमी होतं, आंब्याची नवी पालवी आवरते आणि मोहोर लवकर, भरपूर येतो.

तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती ओतता ते औषध आणि ब्राझीलच्या प्रयोगशाळेत काहवेओलशी जुळलेला जनुक, दोघांची गाठ एकाच जागी पडते.

---

देवगडी | १० जानेवारी, दुपारी १:४५

वीस वर्षं कल्टार घालतोय. 'वाढ रोखतं' एवढंच माहीत होतं. कुठली वाढ, कुठे रोखतं, हे आज पहिल्यांदा कळलं. लोहाला चिकटतं हे लक्षात राहील.

मग एक विचारू का? कॉफीला थोडं कल्टार दिलं तर कॅफेस्टॉल कमी होईल काय? वडीलधाऱ्यांना उकळून पिता येईल.

---

परशुरामघाट | १० जानेवारी, दुपारी ३:२०

मी चिपळूणचा, पुण्यात जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. विषय जवळचा आहे म्हणून दोन गोष्टी.

पहिली, देवगडींच्या प्रश्नाबद्दल. असं करू नका. कल्टार तिठ्याच्या तोंडाशीच अडथळा घालतं, त्यामुळे कॅफेस्टॉलच्या आधी जिबरेलिनच अडतं. कॉफीला फांदी वाढवायची असते, कारण फळ गेल्या मोसमातल्या लाकडाच्या पेरांवर धरतं. कांडी आखूड झाली तर पुढच्या वर्षीचं पीकच आखूड. शिवाय ते औषध मातीत बराच काळ टिकतं.

दुसरी गोष्ट ताईंच्या लेखाबद्दल, आणि ती जरा महत्त्वाची. जनुकाची चढउतार आणि द्रव्याची चढउतार जुळली, म्हणजे तो जनुक ते द्रव्य बनवतो असं सिद्ध होत नाही. त्या यादीत कॅफेस्टॉलशी जुळलेला एक जनुक सीवायपी-७४ए घराण्यातला आहे. हे घराणं ॲलीन ऑक्साइड सिंथेजचं, म्हणजे जॅस्मोनेट संप्रेरकाच्या रस्त्यावरचं. ते ऑक्सिजन बसवतसुद्धा नाही, स्निग्धाम्लाच्या पेरॉक्साइडची मोडतोड करतं. मग ते तिथे का जुळलं? जॅस्मोनेट हा झाडाच्या बचावाचा निरोप असतो. निरोप आणि शस्त्र एकाच वेळी तयार होत असतील तर आकडे जुळतील. निरोप्याने तलवार घडवली असं त्यावरून म्हणता येत नाही. त्या संशोधकांनीही त्यांना 'उमेदवार जनुक' एवढंच म्हटलंय. शेवटच्या पायऱ्या उलगडलेल्या नाहीत, हे त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिलं आहे.

खरा पुरावा हवा तर जनुक कॉफीतून काढून दुसऱ्या घरी नेऊन कामाला लावावा लागतो. यीस्टमध्ये किंवा तंबाखूच्या एका रानटी जातभाईच्या पानात आधी जीजीपीपी सिंथेज, सीपीएस आणि केएस घालायचे, म्हणजे एन्ट-कौरीन साठतं. मग उमेदवार पी-४५० एकेक करून सोडायचा आणि पानात काय नवीन तयार झालं ते बघायचं. सोबत पी-४५० रिडक्टेज हे जोडीचं विकर लागतंच, कारण पी-४५० ला इलेक्ट्रॉन तेच पुरवतं. अँड्रोग्राफोलाइड आणि स्टीव्हियाच्या बऱ्याच पायऱ्या अशाच पडताळल्या गेल्या.

अरेबिकात अडचण आणखी आहे. तो दोन जातींचा संकर. रोबस्टा ज्या जातीची, ती कॅनेफोरा, आणि युजेनिऑइड्स. त्यामुळे त्याची गुणसूत्रं ४४, रोबस्टाची २२. प्रत्येक जनुकाच्या दोन घरच्या दोन आवृत्त्या पेशीत नांदतात, आणि कोणती आवृत्ती काम करते ते वेगळं काढावं लागतं. रोबस्टाचा जनुकसंच २०१४ मध्ये उलगडला, अरेबिकाचा सविस्तर २०२४ मध्ये. आता हे काम सोपं होईल.

---

तिलारीकाठ | १० जानेवारी, रात्री ८:५०

परशुरामघाट, आभार मानते. 'जुळलं' आणि 'बनवतं' यातला फरक मी मुलांना दरवर्षी शिकवते आणि इथे स्वतः लिहिताना घाईत पुढे गेले. निरोप्या आणि तलवार मी वर्गात वापरणार आहे.

---

कातळफूल | ११ जानेवारी, सकाळी ६:३०

रत्नागिरीहून. मी औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे मला झाडापेक्षा माणसाच्या पोटात काय होतं ते सांगायला जास्त आवडेल.

१९८३ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या मोठ्या पाहणीत दिसलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त. तिकडे तेव्हा कॉफी उकळूनच पीत, अगदी ताईंच्या सासऱ्यांसारखी. पुढे कळलं की उकळलेली कॉफी कागदातून गाळली की परिणाम जवळजवळ जातो. मग शोध तेलाकडे वळला आणि कॅफेस्टॉल सापडलं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या कॉफ्या मोजल्या. उकळलेली, तुर्की आणि फ्रेंच प्रेसमधली कॉफी सर्वांत वर, कपामागे कॅफेस्टॉल आणि काहवेओल मिळून ६ ते १२ मिलिग्रॅमपर्यंत. एस्प्रेसो मध्ये. कागदातून गाळलेली आणि इन्स्टंट यांत नगण्य. दिवसाला १० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल चार आठवडे पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल सरासरीने लिटरमागे ०.१३ मिलिमोल वाढतं. आपल्या अहवालातल्या एककात, म्हणजे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये, ते साधारण ५ होतात. तीन कप उकळलेली रोज, वर्षानुवर्षं, म्हणजे हिशोब करा.

आता गंमत नव्हे, खरोखर थक्क करणारी गोष्ट. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि त्यातून जास्तीचं कोलेस्टेरॉल खर्च होतं. त्यातलं पहिलं विकर सीवायपी-७ए-१, तेही पी-४५० घराण्यातलंच! पित्ताम्लं पुरेशी झाली की एफएक्सआर नावाचा पेशीतला ग्राहक (रिसेप्टर) ते ओळखतो आणि हे विकर बनवणं मंद करतो. कॅफेस्टॉल त्या एफएक्सआरला जाऊन बसतं. शरीराला वाटतं पित्ताम्लं भरपूर आहेत, खर्च थांबतो, कोलेस्टेरॉल साठतं. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं.

म्हणजे कॉफीच्या फळात एक पी-४५० ते द्रव्य घडवायला हातभार लावतं आणि आपल्या यकृतातलं दुसरं पी-४५० त्याच द्रव्यामुळे गप्प बसतं.

ज्यांचं कोलेस्टेरॉल ठीक आहे त्यांनी घाबरून कॉफी टाकू नये. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी कागदाची गाळणी आणली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. रोज काउंटरवर असे लोक येतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

---

मलनाडातला मराठी | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

आमचं मूळ गाव कणकवलीजवळ, तीन पिढ्या चिकमगळूरकडे. इथे घरोघरी पितळेचा किंवा स्टीलचा दोन खणी फिल्टर. तो कुठल्या रांगेत बसतो?

आणि तिलारीकाठ, रोबस्टा लावलीत ते बरं केलंत. अरेबिका तुमच्याकडे तग धरणार नाही. तिला इथे साधारण १००० मीटरच्या वरची हवा लागते. खाली तांबेरा आणि खोडकिडा तिला खातात. पण रोबस्टाला फुलोऱ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर लागते. आम्ही तिला 'ब्लॉसम शॉवर' म्हणतो. ती तुम्हाला कुठून मिळणार?

---

तिलारीकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:०५

सर मिळत नाही, बरोबर. आम्ही सुपारीलाच तुषार सिंचन लावलंय. फेब्रुवारीअखेर एकदा भरपूर देतो आणि तीन आठवड्यांनी परत. आठ-दहा दिवसांत सगळी झाडं एकदम पांढरी होतात. वास मोगऱ्यासारखा, पार गोठ्यापर्यंत येतो. कळ्या-फुलांत कॅफेस्टॉल सर्वांत जास्त हे वाचल्यापासून त्या पांढऱ्या फांद्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. फुल म्हणजे झाडाचा सर्वांत कोवळा, सर्वांत किमती भाग. बचावाचं द्रव्य तिथे ठेवावं हे झाडाच्या दृष्टीने शहाणपणाचं वाटतं.

तुमच्या फिल्टरचं. त्यात कागद नाही, म्हणून कागदाइतकं तेल अडणार नाही. पण पूड दाबून बसवलेली असते आणि पाणी तिच्यातून थेंबथेंब उतरतं, तेव्हा पुडीचा थरच थोडीफार गाळणी होतो. उकळून तळाशी गाळ बसणाऱ्या कॉफीपेक्षा ते बरं. चिकोरी मिसळत असाल तर तेवढी कॉफीच कमी. चिकोरीत ही द्रव्यं नसतात. तिचा कडूपणा पंधरा कार्बनच्या टर्पिनांचा, म्हणजे तीन विटांचा. घराणं लांबचं.

---

दापोलीची वाट | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

मी दापोलीला कृषी शाखेत शिकतो. एक शंका. ताईंची साठ रोपं बियांची की कलमं? रोबस्टात स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणजे बियांपासून केलेलं प्रत्येक रोप वेगळं. मग कॅफेस्टॉलही झाडागणिक वेगळं असणार ना?

---

तिलारीकाठ | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

अगदी बरोबर. माझी सगळी बियांचीच, म्हणजे आंब्याच्या भाषेत सगळी रायवळ. एका झाडाचं फळ मोठं, एकाचं बारीक. तेलही वेगळं असणार आणि त्यातली द्रव्यंही. अरेबिका स्वतःच्या परागाने धरते, म्हणून तिचं बी बरंचसं आईसारखं येतं. रोबस्टात एकसारखेपणा हवा तर कलमच करायला हवं. हापूसच्या मुलखात हे कोणाला समजवायला नको.

रोबस्टाच्या तेलात आणखी एक द्रव्य आहे, ते राहूनच गेलं. कॅफेस्टॉलच्या सोळाव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला एक मिथिल गट, म्हणजे एका कार्बनचा छोटा तुकडा, चिकटवलेला. नाव १६-ओ-मिथिलकॅफेस्टॉल. हे रोबस्टाची खूण समजलं जातं, अरेबिकात ते जवळजवळ नसतंच. भाजल्यावरही टिकतं. म्हणून 'शंभर टक्के अरेबिका' म्हणून विकलेल्या पुडीत स्वस्त रोबस्टा घातलाय का, हे युरोपातल्या प्रयोगशाळा याच्यावरून ओळखतात. कॅफिन घडवतानाही शेवटी मिथिल गट चिकटवणारी विकरंच काम करतात. कॉफीला या कामाचा चांगलाच सराव आहे.

---

परशुरामघाट | १२ जानेवारी, दुपारी २:१०

यावर एक जोड. कॅफिन बनवण्याची विकरं कॉफीने चहा आणि कोकोपासून वेगळ्या, स्वतःच्या वाटेने मिळवली, हे २०१४ च्या रोबस्टा जनुकसंचातून स्पष्ट झालं. डायटर्पिनांचं तसं नाही. तिठ्यापर्यंतचा रस्ता सगळ्यांचा सामाईक आणि पुरातन.

बुरशीसुद्धा तसाच रस्ता वापरते. भातात काही रोपं एकदम उंच, पिवळट, लेचीपेची होऊन आडवी पडतात तो रोग शेतकऱ्यांनी बघितला असेल. ते काम फ्युजेरियम बुरशीचं. १९२६ मध्ये जपानच्या कुरोसावांनी दाखवलं की बुरशी जे द्रव्य सोडते त्यानेच भात वाढतो. १९३५ मध्ये याबुतांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं, ते त्या बुरशीच्या तेव्हाच्या नावावरून. ते आपल्या झाडांतही असतं हे नंतर कळलं. झाडाला सीपीएस आणि केएस अशी दोन विकरं लागतात, ती बुरशी दोन्ही कामं एकाच विकरात उरकते.

आणि रस्त्याचं दुसरं टोकही आपल्या मळ्यात आहे. जया भात बुटका का? त्याच्यात जिबरेलिनच्या शेवटच्या पायऱ्यांपैकी एका विकराचा जनुक नादुरुस्त आहे. तैवानच्या एका जुन्या बुटक्या वाणातून तो आला. रोप आखूड राहतं, पडत नाही, दाणा भरतो. आंब्यात जे काम औषध करतं, ते जयात जनुकच करतो. फक्त रस्त्यावरच्या वेगळ्या ठिकाणी.

---

रेडीची माई | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:५५

जया आमी सत्तरच्या सालापासून लावतंव. आधीचो भात माणसाएवढो उंच, वारो इलो काय सगळो आडवो. जया इली आणि ता बंद झाला. पण गवात कमी झाला, गुरांका पेंढो पुरणा नाय झालो. ता कोण सांगणा नाय.

---

तिलारीकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:१५

माई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. रस्ता अडवला की काहीतरी कमी होतंच. भातात पेंढा कमी झाला.

---

देवगडी | १३ जानेवारी, रात्री ९:५०

सगळं दोनदा वाचलं. आता माझी खरी अडचण सांगतो, आधी संकोच वाटत होता.

मागच्या पावसात मीही कॉफीची वीस रोपं आणली होती, दोडामार्गला बघूनच. आंब्याच्या कलमांखाली, बुंध्यापासून हातभर अंतरावर लावली. सावली आहे, आळं तयार आहे, पाणी घालायला सोपं. सहा महिने झाले. पानं गर्द हिरवी आहेत, पण रोपं वीतभरच. पेरं इतकी जवळ की पानावर पान. कीड नाही, पाणी कमी नाही. खत दिलं तरी तसंच. मी समजत होतो रोपच कमअस्सल मिळालं.

मध्ये काही वर्षं बाग कराराने दिली होती. त्यांनी किती कल्टार ओतलं ते मला माहीत नाही, पण फळ भरघोस काढून नेलं. आमचं माप झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली.

---

दापोलीची वाट | १३ जानेवारी, रात्री १०:२०

काका, गर्द हिरवी पानं, आखूड पेरं, कीड नाही, खताला दाद नाही. हे वर्णन जिबरेलिन कमी पडलेल्या रोपाचं आहे. कल्टार आपण बुंध्याभोवतीच्या आळ्यात ओततो, आणि तुमची रोपं नेमकी त्याच आळ्यात आहेत. ते मुळातून वर जातं, आंबा आणि कॉफी असा भेद करत नाही. कौरीन ऑक्सिडेज दोघांतही आहे.

पडताळायचं तर दोन रोपं मुळाची माती धुऊन काढा आणि दुसऱ्या जागच्या मातीत लावा, जिथे कधीच औषध पडलेलं नाही. दोन रोपं तिथेच ठेवा. पावसाळ्यानंतर पेरांमधलं अंतर पट्टीने मोजा.

---

परशुरामघाट | १३ जानेवारी, रात्री १०:४५

दापोलीशी सहमत. रोप कमअस्सल नाही, असं मलाही वाटतं. जिबरेलिनची फवारणी करून रोपं वाढवायच्या फंदात मात्र पडू नका. शेजारच्या कलमांवर उडालं तर अजून यायचा असलेला मोहोर अडू शकतो.

---

तिलारीकाठ | १३ जानेवारी, रात्री ११:००

देवगडी, आणि कातळावरच्या कलमांखालची सावली कॉफीला तशीही पुरणार नाही. तुमच्या घरामागे विहिरीपाशी माड-सुपारी आहे असं मागे एकदा लिहिलं होतंत. तिथे कल्टार कधी गेलं नसेल. अठरा रोपं तिकडे न्या, दोन तेवढी तुलनेसाठी ठेवा. आता थंडी आहे, संध्याकाळी काढा, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळा, लावल्यावर महिनाभर झावळीची सावली करा. आणि तिथली एकेक फांदी आत्ताच मोजून वहीत लिहून ठेवा.

---

देवगडी | १६ जानेवारी, रात्री ८:३०

अठरा हलवली. दोन ठेवली. विहिरीपाशी जागा साफ करताना शेजारीच किराईत उगवलेलं सापडलं, ते काढलं नाही. सर्वांत मोठ्या रोपाच्या वरच्या दोन पेरांत अंतर एक सेंटिमीटर भरलं. वहीत लिहिलंय.

सासऱ्यांचं काय? घेतात का गाळून?

---

तिलारीकाठ | १६ जानेवारी, रात्री ९:१०

पहिले चार दिवस म्हणाले पाणचट लागते. मग पूड थोडी वाढवली आणि जायफळ दुधात आधी उकळून घेतलं. आता काही म्हणत नाहीत. कागद संपला की स्वतः आठवण करतात. पुढची रक्ततपासणी मार्चमध्ये आहे.